एमली मूर प्रेषण मनोरा व अंकीय दूरचित्रवाणी ग्रहण

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, हडर्झफील्ड शहरापासून जवळच असलेल्या एमली या खेड्यालगतच्या माळरानावरील दूरचित्रवाणी प्रेषण मनोरा. बांधणीच्या वेळची उंची सु. ३३० मी. लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड, हडर्झफील्ड व शेफील्ड या औद्योगिक शहरांचा आणि त्यांच्या भोवतालच्या ग्रामीण भागाचा बराचसा प्रदेश याच्या प्रेषण क्षेत्रात येतो. १९५६ पासून या जागी एकामागून एक तीन मनोरे उभे राहिले व दूरचित्रवाणीची सदृश पद्धती जाऊन अंकीय पद्धती आली. एका प्रेषकावर विसंबून असणाऱ्या प्रदेशात घरोघरचे ग्रहण कसे बदलत गेले, याचा सलग इतिहास या एका ठिकाणी पाहावयास मिळतो.

यॉर्कशरमध्ये दूरचित्रवाणी प्रथम आली ती १९५१ मध्ये, पेनाइन टेकड्यांतील होम मॉस येथील बीबीसीच्या प्रेषकामुळे. इंडिपेंडंट टेलिव्हिजन ॲथॉरिटी या संस्थेने जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या आयटीव्ही या सेवेसाठी एमली मूरची निवड केली आणि ३ नोव्हेंबर १९५६ रोजी तेथून प्रेषण सुरू झाले. हा पहिला मनोरा १३५ मी. उंचीचा, पोलादी जाळीकामाचा होता. चित्र ४०५ रेषांचे असे व ते अति-उच्च कंप्रतेच्या पट्ट्यातून पाठविले जाई. या कंप्रतेच्या तरंगांची लांबी काही मीटर असल्यामुळे ते टेकड्यांच्या कडांवरून थोडेफार वळतात. त्यामुळे बेताच्या उंचीवरूनही बराच प्रदेश व्यापता येत असे.

१९६४ मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी ६२५ रेषांच्या चित्रासह परा-उच्च कंप्रतेच्या पट्ट्यात सुरू झाली, तेव्हा ही सोय संपली. या पट्ट्यातील तरंगलांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असते. असे तरंग बव्हंशी सरळ रेषेत जातात आणि टेकडीमागे रेडिओ छाया स्पष्ट पडते. प्रेषण आकाशक (सामान्य भाषेतील अँटेना) जितका उंच तितकी छाया आखूड, या साध्या भूमितीमुळे ब्रिटनमध्ये उंच मनोऱ्यांचे युग सुरू झाले. एमली मूर येथे १९६६ मध्ये ३८५ मी. उंचीचा मनोरा पुरा झाला. खालील बहुतेक भाग पोलादी पत्र्याची पोकळ नळी, त्यावर जाळीकाम आणि सर्व बाजूंनी पोलादी दोरांचे ताण, अशी त्याची रचना होती. विंटर हिल व बेलमाँट येथेही अशाच बांधणीचे मनोरे उभारण्यात आले.

१९ मार्च १९६९ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास हा मनोरा कोसळला. त्या वेळी ताणदोरांवर व मनोऱ्यावर बर्फाचे जाड थर साचले होते. वाऱ्याचा वेग विशेष नव्हता. पडताना दोर रस्त्यावर व जवळच्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिरावर आदळले. मात्र कोणासही इजा झाली नाही. पुढील चौकशीत कारण आढळले ते असे : गोल नळीवरून मंद व स्थिर वारा वाहत असता तिच्या मागे दोन्ही बाजूंना आलटून पालटून भोवरे सुटतात. त्यांची लय मनोऱ्याच्या स्वाभाविक आंदोलनाच्या लयीशी जुळली, तर आंदोलने वाढत जातात; त्यातच बर्फाच्या असमान भाराची भर पडली होती. वाऱ्यामुळे होणाऱ्या आंदोलनांविषयी प्रेषण संस्थेने बांधकाम चालू असतानाच विचारणा केली होती आणि तिला निर्धास्त राहण्याची ग्वाही मिळाली होती. हे प्रकरण १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि अभिकल्पातील हयगयीची जबाबदारी ठेकेदारांवर ठेवण्यात आली. अभियांत्रिकी अभिकल्पाच्या उत्तरदायित्वासंबंधी इंग्लंडमध्ये हा निवाडा अद्यापि आधारभूत मानला जातो. विंटर हिल व बेलमाँट येथील मनोऱ्यांच्या पोटात नंतर जड पोलादी साखळ्या टांगण्यात आल्या, त्या आंदोलने दबावीत म्हणून.

मनोरा पडताच लाखो घरांतील पडदे कोरे झाले. फिरते प्रेषक व घाईने उभारलेले तात्पुरते खांब यांच्या साहाय्याने थोड्याच दिवसांत सेवा अंशतः परत आली. परंतु उंची अपुरी असल्याने पूर्वीचे सर्व क्षेत्र त्यांच्या आवाक्यात येईना. तिसरा मनोरा ताणदोरांशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहील असा, काँक्रीटचा बांधावयाचे ठरले. तळाशी रुंद व वर निमुळता होत जाणारा हा कवचाकार स्तंभ सु. २७४ मी. उंच असून त्यावर आकाशकांसाठी पोलादी शिखर आहे. जानेवारी १९७१ मध्ये त्याच्यावरून प्रेषण सुरू झाले. २००२ मध्ये या मनोऱ्यास जतनयोग्य वास्तू म्हणून संरक्षण मिळाले. कारखान्याच्या धुराड्यासारख्या दिसणाऱ्या एका प्रेषण साधनास हा मान मिळावा, हे सहसा घडत नाही.

ग्रहणाची दुसरी बाजू घराच्या छपरावर होती. परा-उच्च कंप्रतेच्या पट्ट्याचे ८ मेगॅहर्ट्झ रुंदीचे क्रमांकित भाग पाडलेले असून एमली मूरला दिलेल्या भागांपैकी ४४ क्रमांकावर बीबीसीची पहिली, ५१ वर दुसरी व ४७ वर आयटीव्हीची वाहिनी दिसे. शेजारच्या मनोऱ्यांना वेगळे भाग दिलेले असत, म्हणजे परस्परांत व्यतिकरण होत नसे. ग्राहक आकाशकही त्या त्या भागासाठीच उत्तम चालतील असे बनवीत व गट ओळखता यावा म्हणून त्यांच्या टोकाच्या बुचांना रंग देत. एमली मूरसाठी ‘बी’ गटाचा, पिवळ्या बुचाचा आकाशक लागे; उत्तरेकडील बिल्सडेल मनोऱ्यासाठी ‘ए’ गटाचा, लाल बुचाचा. यॉर्कशरच्या एखाद्या गल्लीतील छपरांकडे नजर टाकली की ते घर कोणत्या मनोऱ्याकडे तोंड करून आहे, हे जाणकारास सांगता येई.

ज्या दऱ्याखोऱ्यांत मनोरा ‘दिसत’ नसे तेथे पुनःक्षेपण केंद्रे उभारण्यात आली. शेफील्डच्या पश्चिम भागासाठी क्रॉसपूल, तसेच कीली, हॅलिफॅक्स, व्हार्फडेल अशी अनेक छोटी केंद्रे एमली मूरचा संदेश पकडून दुसऱ्या कंप्रतेवर आपापल्या खोऱ्यात पुन्हा सोडीत. मुख्य केंद्राचे तरंग क्षैतिज ध्रुवणाचे, तर पुनःक्षेपण केंद्रांचे बहुधा उभ्या ध्रुवणाचे असत. म्हणून खोऱ्यातील घरांचे आकाशक उभ्या दांड्यांचे दिसतात.

या मनोऱ्यांनी सांस्कृतिक सीमाही आखल्या. स्थानिक बातम्या व कार्यक्रम कोणते पाहावयाचे, हे जिल्ह्यावरून नव्हे तर आकाशकाच्या दिशेवरून ठरू लागले. १९६९ मध्ये बिल्सडेल मनोरा उभा राहिला. त्याचे क्षेत्र यॉर्कशर टेलिव्हिजन व टाइन टीज टेलिव्हिजन या दोन आयटीव्ही कंपन्यांच्या प्रदेशांवर पडत असल्याने त्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न उभा राहिला. त्यातून १९७० मध्ये दोघींवर ट्रायडेंट ही एकच धारक कंपनी स्थापन झाली. १९७४ मध्ये लिंकनशरमधील बेलमाँट मनोरा अँग्लिया कंपनीकडून यॉर्कशर टेलिव्हिजनकडे गेला, तेव्हा तेथील प्रेक्षक आपले घर न सोडता एका प्रसारण प्रांतातून दुसऱ्यात गेले.

सदृश पद्धतीत चित्राच्या तेजस्वितेतील प्रत्येक फेरबदल वाहक तरंगाच्या परमप्रसरातील फेरबदलाच्या रूपाने जातो. संदेश क्षीण झाला, तर चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. टेकडीवरून अथवा इमारतीवरून परावर्तित झालेला तरंग मागाहून पोहोचला, तर मूळ आकृतीशेजारी तिची फिकट ‘भूत प्रतिमा’ दिसते. चित्र खराब होते. पण ते हळूहळू खराब होते. सीमेवरील घरांतील लोक अशाच चित्रावर वर्षानुवर्षे क्रिकेट व बातम्या पाहत आले. आकाशक थोडा फिरवून पाहणे, केबल बदलणे, शीर्षविवर्धक बसविणे हे उपाय लागू पडले की नाही, हे पडद्याकडे पाहूनच कळे.

अंकीय पद्धतीत हे सारे बदलले. चित्र व ध्वनी यांचे प्रथम अंकांत रूपांतर होते आणि चित्रातील पुनरावृत्ती काढून टाकून ते अंक संक्षिप्त केले जातात. त्यामुळे ज्या ८ मेगॅहर्ट्झमध्ये पूर्वी एकच वाहिनी मावत असे, तेथे अनेक वाहिन्यांचा एकत्रित प्रवाह पाठविता येतो. अशा प्रवाहास बहुगुणित प्रवाह म्हणता येईल. यूरोपीय मानकानुसार (डीव्हीबी-टी) तो प्रवाह एका वाहक तरंगावर न लादता हजारो जवळजवळच्या वाहक तरंगांवर वाटून देतात. ब्रिटनमध्ये आरंभी हे वाहक १,७०५ होते. पुढे ६,८१७ वाहकांची रीत स्वीकारण्यात आली. प्रत्येक वाहकावरील चिन्ह बराच वेळ टिकते आणि दोन चिन्हांमध्ये थोडा मोकळा काल सोडलेला असतो. टेकडीवरून उशिरा आलेला प्रतिध्वनी या मोकळ्या कालात पोहोचला, तर तो अपाय करीत नाही. ब्रिटनमधील जुन्या रीतीत हा काल ७ मायक्रोसेकंद, म्हणजे सु. २ किमी. जादा मार्गाइतका होता. नव्या रीतीत तो २८ मायक्रोसेकंद, म्हणजे ८ किमी.हून अधिक झाला. भूत प्रतिमा नाहीशी झाली ती अशी.

याशिवाय प्रवाहात चुका सुधारण्यासाठी जादा अंक घातलेले असतात. १८८ बाइटांच्या प्रत्येक पुडक्यास १६ बाइटांची जोड दिलेली असल्याने त्यातील आठपर्यंत चुकीचे बाइट ग्राही स्वतः दुरुस्त करू शकतो. त्याआधी दुरुस्तीचा आणखी एक थर असतोच. परिणामी, संदेश काही मर्यादेपर्यंत कितीही घसरला तरी चित्र निर्दोष राहते. त्या मर्यादेपाशी आले की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज चिरकतो, आणि थोडी आणखी घट झाली की पडद्यावर काहीच उरत नाही. उतारावरून खाली येणे व कड्यावरून पडणे यांतील हा फरक आहे. आणखी एक गैरसोय अशी की, कडा किती जवळ आला आहे हे चांगल्या चित्रावरून ओळखता येत नाही. सदृश पद्धतीत ठिपके वाढले की केबलमध्ये पाणी शिरल्याची शंका येई. अंकीय पद्धतीत तीच केबल महिनोन् महिने निर्दोष चित्र देते आणि एका पावसाळी रात्री एकदम बंद पडते.

ब्रिटनमध्ये मनोऱ्यांवरून अंकीय सेवा १५ नोव्हेंबर १९९८ रोजी सुरू झाली. बहुगुणित प्रवाह सहा होते आणि त्यांतील सशुल्क वाहिन्या ऑनडिजिटल या कंपनीकडे होत्या. त्या वेळी सदृश वाहिन्या चालूच असल्यामुळे अंकीय प्रवाहांना त्यांच्यामधील रिकाम्या जागांत, फार कमी शक्तीवर बसवावे लागले. त्यातच एका प्रवाहात अधिकाधिक वाहिन्या मावाव्यात म्हणून विरूपणाची दाट रीत निवडण्यात आली. दाट रीतीत प्रत्येक चिन्ह अधिक बिट वाहते. पण त्याला गोंगाटाचा उपद्रवही लवकर होतो. जुना आकाशक व जुनी केबल असलेल्या घरांत प्रशीतकाचे (फ्रिजचे) बटण आपोआप चालू-बंद झाले किंवा रस्त्यावरून स्कूटर गेली, तरी चित्र गोठे. कंपनीचे (२००१ पासून नाव आयटीव्ही डिजिटल) दिवाळे निघाले ते मुख्यतः फुटबॉल सामन्यांच्या हक्कांसाठी मोजलेल्या अवाजवी रकमांमुळे, असे सामान्यतः म्हटले जाते व ते खरेही आहे. परंतु पैसे भरूनही चित्र न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा त्यात कमी लेखता येणार नाही. १ मे २००२ रोजी तिच्या वाहिन्या बंद झाल्या.

रिकामे झालेले प्रवाह बीबीसी व तिच्या सहकाऱ्यांनी घेतले आणि ३० ऑक्टोबर २००२ पासून ‘फ्रीव्ह्यू’ ही निःशुल्क सेवा सुरू केली. त्यांनी केलेला तांत्रिक बदल उलट दिशेचा होता : काही प्रवाहांत विरूपणाची विरळ रीत वापरून वाहिन्या कमी केल्या व त्या मोबदल्यात ग्रहण भरवशाचे केले. ही सेवा लोकप्रिय झाली.

सदृश प्रेषण बंद करण्याचा कार्यक्रम क्षेत्रवार आखला होता. प्रथम कंब्रिया परगण्यातील व्हाइटहेवन येथे ऑक्टोबर–नोव्हेंबर २००७ मध्ये बदल झाला व अखेरचा बदल २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये. एमली मूरची पाळी सप्टेंबर २०११ मध्ये आली. ७ तारखेस बीबीसीची दुसरी वाहिनी सदृश रूपात थांबली, २१ तारखेस उरलेल्या सर्व. रिकाम्या झालेल्या कंप्रता लगेच अंकीय प्रवाहांना मिळाल्या आणि त्यांची शक्ती अनेक पटींनी वाढविण्यात आली. सदृश काळात एमली मूरची परिणामी प्रारित शक्ती प्रत्येक मुख्य वाहिनीस ८७० किलोवॉट होती. अंकीय काळात मुख्य प्रवाहांना १७४ किलोवॉट, म्हणजे बरोबर पाचवा हिस्सा, पुरेशी ठरली. तेरा वर्षे ‘तुमच्या भागात अंकीय ग्रहण होत नाही’ असे ऐकणाऱ्या कित्येक घरांत त्या दिवशी जुन्याच आकाशकावर स्वच्छ चित्र आले. काही ठिकाणी नेमके उलट झाले. दुर्बल संदेशाच्या काळात बसविलेले विवर्धक आता प्रबळ संदेशाने तुंबू लागले आणि ते काढून टाकल्यावरच चित्र परत आले.

वृद्ध व अपंग प्रेक्षकांसाठी साहाय्य योजना आखण्यात आली होती व तिच्यासाठी परवाना शुल्कातून ६० कोटी पौंडांहून अधिक रक्कम राखून ठेवली होती. प्रत्यक्षात तीपैकी बरीच शिल्लक राहिली. बदल पुष्कळांनी स्वतःच्या खर्चाने व शेजाऱ्यांच्या मदतीने केला, असा याचा अर्थ होतो.

एक विषमता मात्र या बदलाने पक्की केली. ब्रिटनमधील अकराशेहून अधिक केंद्रांपैकी सर्वांवरून फक्त तीन सार्वजनिक सेवेचे प्रवाह जातात. उरलेले व्यापारी प्रवाह सु. ऐंशी मोठ्या केंद्रांवरूनच प्रेषित होतात. सार्वजनिक प्रवाह ९८·५ टक्के घरांपर्यंत पोहोचले पाहिजेत, असे बंधन आहे. व्यापारी प्रवाह ९० टक्क्यांच्या आसपास थांबतात. त्यामुळे टेकडीच्या अलीकडे राहणाऱ्याला एमली मूरवरून सर्व वाहिन्या दिसतात आणि टेकडीपलीकडे, छोट्या पुनःक्षेपण केंद्रावर विसंबून असणाऱ्याला त्यांतील काहीच. परवाना शुल्क दोघांनाही सारखे आहे. सदृश काळात चौथ्या वाहिनीपर्यंत सर्व सेवा बहुतेक पुनःक्षेपण केंद्रांवर सारख्या पोहोचविण्याचे धोरण होते, हे लक्षात घेता खोऱ्यांतील प्रेक्षकांची तक्रार अवास्तव म्हणता येत नाही.

एकाच मनोऱ्यावर विसंबण्याचा धोका १९६९ नंतर पुन्हा प्रत्ययास आला तो एमली मूरला नव्हे, तर त्याच्या उत्तरेकडील शेजाऱ्याला. १० ऑगस्ट २०२१ रोजी नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानावरील ३१४ मी. उंचीच्या बिल्सडेल मनोऱ्याला आग लागली व टीसाइड, डरॅम आणि उत्तर यॉर्कशर येथील लाखो घरांतील ग्रहण थांबले. आगीने दुर्बल झालेला मनोरा ऑक्टोबरमध्ये सुरुंगाने पाडावा लागला. भोवतालचा माळ निसर्गसंरक्षित व खासगी मालकीचा असल्याने तात्पुरता ८० मी. उंचीचा खांब उभारण्यासाठी वाट मिळविण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तो खांब ऑक्टोबरमध्ये चालू झाला. पण उंची एक-चतुर्थांश असल्याने छायेतील खेडी अंधारातच राहिली. नवा पूर्ण उंचीचा मनोरा कार्यान्वित झाला २०२३ मध्ये. १९६९ मध्ये सेवा काही दिवसांत परत आली आणि पन्नास वर्षांनंतर, प्रगत साधने हाताशी असता, कित्येक घरांना महिने लागले.

या घटनेत अंकीय ग्रहणाचा एक अनपेक्षित दोष उघड झाला. सदृश संचावर मनोरा बंद असला तर फक्त ठिपके दिसत. प्रेषण सुरू झाले की चित्र परत येई. अंकीय ग्राही मात्र वाहिन्यांची यादी स्मृतीत साठवितो. चित्र गेले म्हणून धास्तावून अनेकांनी पुनर्मेलनाचे बटण दाबले. ग्राहीने सर्व पट्टा शोधला, त्याला काहीच सापडले नाही आणि त्याने जुनी यादी पुसून टाकली. चित्र गेले असता पुनर्मेलन करू नये, अशी सूचना त्यासाठी वारंवार द्यावी लागली. दक्षिणेकडील ज्या घरांना एमली मूरकडे आकाशक वळविणे शक्य होते, त्यांना चित्र मिळाले; परंतु स्थानिक बातम्या आता न्यूकॅसलऐवजी लीड्सच्या येऊ लागल्या.

एमली मूरवर दरम्यान वेगळेच संकट आले होते. भ्रमणध्वनीच्या वाढत्या वापरासाठी परा-उच्च कंप्रता पट्ट्याचा वरचा भाग दूरचित्रवाणीकडून काढून घेण्यात येऊ लागला. प्रथम ८०० मेगॅहर्ट्झच्या आसपासचा भाग गेला व २०१३ मध्ये त्याचा लिलाव झाला. त्यानंतर २०२० पर्यंत ६९४ मेगॅहर्ट्झच्या वरचा बहुतेक भाग मोकळा करण्यात आला. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीचा एके काळचा ५१ क्रमांक त्यात गेला. मनोऱ्याच्या शिखरावरील आकाशक बदलताना सेवा खंडित होऊ नये म्हणून २०१८ मध्ये काँक्रीटच्या मनोऱ्याशेजारी जवळपास तितकाच उंच तात्पुरता मनोरा उभारण्यात आला. काही काळ यॉर्कशरच्या क्षितिजावर एमली मूरची जोडी दिसत होती. पिवळ्या बुचाचे जुने आकाशक मात्र अडचणीत आले : पट्ट्याच्या ज्या भागासाठी ते बनविले होते, त्याची वरची बाजू नाहीशी झाली आणि काही प्रवाह खालच्या कंप्रतांवर सरकले. मनोऱ्याजवळील घरांचे त्याने फारसे बिघडले नाही. सीमेवरील घरांना पुन्हा आकाशक बदलावा लागला.

ब्रिटनमधील बहुगुणित प्रवाहांचे परवाने २०३४ पर्यंतचे आहेत. त्यापुढे दूरचित्रवाणी मनोऱ्यांवरून चालू ठेवावी की सर्व कार्यक्रम इंटरनेटच्या तारेवरून द्यावेत, याविषयी शासन, नियंत्रक संस्था व प्रसारण कंपन्या यांच्यात विचारविनिमय चालू आहे. मनोऱ्याच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा तांत्रिक नसून आर्थिक आहे : तारेची जोडणी दरमहा पैसे मागते, तर आकाशक एकदा बसविला की मागत नाही. यॉर्कशरच्या खोऱ्यांत एकटे राहणारे अनेक वृद्ध प्रेक्षक याच दुसऱ्या सोयीवर अवलंबून आहेत.